पेटीतली सातवी चिठ्ठी

रविवार, ५ जानेवारी

आजपासून रोजनिशी. निवृत्तीनंतरची ही नववी. पण या खेपेस लिहिण्यासारखं काहीतरी घडलं आहे.

सकाळी मुख्याध्यापिकेचा फोन. ही माझीच विद्यार्थिनी. चौथीत पहिल्या बाकावर बसायची, आता त्याच शाळेत मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसते. चौथी ब च्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात. त्यांचे बाकीचे तास वाटून झाले, एक उरला. बुधवार, तिसरा पिरियड. विषयाचं नाव ‘मी आणि माझी माणसं’. भावना ओळखणं, मैत्री, स्वच्छता, नको असेल तिथे नको म्हणणं, मनातलं कोणाला सांगायचं, असं सगळं त्यात येतं म्हणे. ती म्हणाली, सर, वेळ असेल तरच. मी म्हणालो, डायरी बघून कळवतो. भारदस्तपणे चार मिनिटं जाऊ दिली आणि कळवलं.

चौथी ब मध्ये आमची नात आहे. बातमी ऐकून तिला शब्दच सुचेनात. मग तिने आईला विचारलं की अ तुकडीत जागा आहे का. आनंदात माणूस असं काहीबाही बोलतो.

साडेसात ते आठ नेहमीप्रमाणे नातीला कविता. माझ्या दिवसातला हाच अर्धा तास खरा. बाकीचे साडेतेवीस ही त्याची प्रस्तावना. आज नावाड्याची म्हटली, मला तिसरीत होती ती. ‘पैलतीर’ शब्द आला की माझा आवाज अजूनही भरून येतो. नात डोळे मिटून ऐकते. कधीकधी कविता संपली तरी डोळे मिटलेलेच राहतात, इतकी तल्लीनता.

संकल्प : वर्गात जुन्या आठवणी सांगायच्या नाहीत. फार तर एक.

सोमवार, ६ जानेवारी

शाळेतून वर्कबुक आणि शिक्षक-मार्गदर्शिका आली. मार्गदर्शिका चौसष्ट पानांची. पहिल्याच पानावर लिहिलंय, ‘या तासाला शिक्षकाने कमीत कमी बोलावे.’ छपाईची चूक. दुरुस्त केली.

पान चारवर भावनांचे सहा चेहरे. आमच्या वेळी दोन पुरायचे : कविता पाठ आहे आणि कविता पाठ नाही.

पान नऊवर ‘पास’चा नियम. वर्तुळात बसायचं, प्रत्येकाने मनातलं सांगायचं, आणि ज्याला सांगायचं नसेल त्याने नुसतं ‘पास’ म्हणायचं. म्हणजे पळवाट. तो नियम मुलांना सांगावा लागेल, पहिल्या तासाला वर्गाशी जो करार करायचा त्यात आहे. पण त्याखालचा सगळा मजकूर काळ्या मार्करने खोडला. असल्या गोष्टींचं स्पष्टीकरण वाचून शिक्षक बिघडतो.

माझं मत असं की या विषयाला पुस्तक नकोच. दया, धैर्य, मैत्री, नखं कापणं, सगळं जुन्या क्रमिक पुस्तकांतल्या कवितांत येऊन गेलंय. नखं कापण्यावर नव्हती, ती आज दुपारी केली :

नळ सोडा अन् साबण घ्या हो, बोटांमधुनी फेस फुलू द्या,
मळमेघांची दाटी सरता नखनख चंद्रापरी खुलू द्या.

‘नखनख’वर दहा मिनिटं खूश होतो.

बुधवार, ८ जानेवारी

पहिला तास. अपूर्व.

पोर्चमधल्या फळ्यावर माझ्या तासासमोर ‘तात्पुरती व्यवस्था’ असं लिहिलं होतं. छत्तीस वर्षं त्या फळ्यावर सुविचार मी लिहिले. दगा क्रमांक एक. मोजून ठेवतो.

बाकं भिंतीला लावून खुर्च्या वर्तुळात मांडल्या होत्या. मार्गदर्शिका म्हणते शिक्षकाने वर्तुळातच एका खुर्चीवर बसावं. मी मध्यभागी उभा राहिलो. पण मध्यभागी उभं राहिलं की कोणाकडे तरी पाठ होतेच, म्हणून पंख्यासारखं गोल फिरत बोललो. विसाव्या मिनिटाला भोवळ आली. शिपाई पाणी घेऊन आला. त्याला सगळी शाळा घंटामामा म्हणते. पाणी देताना तो पुटपुटला की सर, बसून पण शिकवता येतं.

करार झाला. एका मोठ्या कागदावर चार वाक्यं : इथे कोणी कोणाला हसणार नाही. कोणालाही पास म्हणता येईल. इथलं बोललेलं, लिहिलेलं बाहेर कोणी सांगणार नाही. कोणी संकटात असेल तरच मोठ्यांना सांगायचं. खाली एकतीस मुलांचे शाईचे अंगठे, बत्तिसावा माझा. पॅड मी स्वतः धरलं. नातीचा अंगठा सर्वांत ठसठशीत.

मग नळाची कविता म्हटली. मग मला पाचवीत बक्षीस मिळालं ती आठवण. मग दुसरी आठवण, कारण पहिलीचा शेवट तिच्यात आहे. मुलांची पाळी आली तेव्हा सात मिनिटं उरली होती. एकतीसच्या एकतीस मुलांनी ‘पास’ म्हटलं. काय ती शिस्त!

नात चुकून आजोबा म्हणाली. तेव्हापासून सगळा वर्ग मला आजोबा म्हणतोय. गुरुजी म्हणा असं सांगितलं. हो आजोबा म्हणाले.

गुरुवार, ९ जानेवारी

प्रश्नपेटी केली. चिरंजीवांचे नवे बूट बाहेर काढून खोकं घेतलं, झाकणाला फट पाडली, सोनेरी कागद चिकटवला. मुलांनी मनातलं निनावी लिहून त्यात टाकायचं. नियम तीन : नाव लिहायचं नाही, प्रत्येक चिठ्ठीला लेखी उत्तर मिळेल, पेटी शिक्षकाने शाळेच्या समुपदेशिकेसमोर उघडावी. तिसरा नियम ऐच्छिक वाटला.

चिरंजीव बूट कुठे आहेत म्हणून विचारत होते. नंतर सांगेन.

बुधवार, १५ जानेवारी

पेटी उघडली. एक च्युइंगमचा कागद. एक चिठ्ठी : ‘हा पिरियड कधी संपणार?’ काळाविषयीचं हे कुतूहल नवव्या वर्षी! त्यावर अर्धा तास बोललो.

समुपदेशिका दारात भेटली. सव्वीस-सत्तावीसची मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. मला काका म्हणते. सहज म्हणाली की अ तुकडीच्या पेटीत एकोणीस चिठ्ठ्या निघाल्या. अ तुकडीला हा विषय खेळाचे सर शिकवतात. गळ्यात शिट्टी असलेला माणूस. भावनांवर शिट्टी वाजवत असेल.

एकोणीस.

गुरुवार, १६ जानेवारी

विचार केला. मुलं बुजली आहेत. रिकाम्या पेटीत पहिली चिठ्ठी टाकायला धीर लागतो, भरल्या पेटीत कोणीही टाकतो. जुना हातपंप असतो ना, आधी तांब्याभर पाणी ओतावं लागतं, तेव्हा पाणी येतं. तांब्या मी ओतणार. याला फसवणूक म्हणत नाहीत, शैक्षणिक साहित्य म्हणतात.

मंगळवार, २१ जानेवारी

सात चिठ्ठ्या तयार.

डाव्या हाताने लिहून पाहिलं. मलाच वाचता येईना. म्हणून उजव्या हाताने, पण मुद्दाम वाईट अक्षर काढायचं ठरवलं. जमलं नाही. हात ऐकत नाही. छत्तीस वर्षं सुंदर अक्षराचा वर्ग घेतलेला हात आहे. शेवटी पेन्सिल वापरली आणि कागद थोडा चुरगळला. पुरे तेवढं.

नमुन्यादाखल : ‘गुरुजींसारखी कविता म्हणायला कसं शिकावं?’ ‘पूर्वीचे शिक्षक अधिक चांगले होते का?’ ‘मैत्री म्हणजे काय; आणि ती टिकवावी कशी?’ एका मुलाच्या चिठ्ठीत अर्धविराम जास्त होतोय असं वाटलं, पण काढवेना.

सहा झाल्या. सातवीला काही सुचेना. मग जे हाताला आलं ते लिहिलं :

‘संध्याकाळी घरात सगळे असतात. मला बोलायचं असतं. पण तोंड उघडलं की कोणीतरी हेडफोन लावतं. मग खिडकीत बसायचं आणि रस्त्यावरची माणसं मोजायची. समोरचा न्हावी हिरवं शटर ओढतो तेव्हा मोजणं थांबवायचं. काल एकशे बारा झाली. माझ्याशी कोणी बोलत नाही असं नाही. जेवायला बोलावतात.’

निव्वळ काल्पनिक. या वयातही कल्पनाशक्ती शाबूत आहे.

बुधवार, २२ जानेवारी

नऊ चिठ्ठ्या! सात आणि दोन. पंप चालू झाला.

खऱ्या दोनपैकी एकीत सायकलबद्दल काहीतरी होतं. दुसरी मात्र काळजाला हात घालणारी. ‘आपल्या आवडत्या माणसाला नाही कसं म्हणायचं? तो रोज तेच तेच ऐकवतो. वाईट नाही. पण आपलं ऐकत नाही.’ अक्षर ओळखीचं वाटलं; पण चांगली अक्षरं सगळी एकमेकांसारखीच दिसतात.

माझं रक्त उसळलं. इवल्याशा जीवाला कोणीतरी रोज वेठीस धरतंय आणि त्याला नाही म्हणायची सोय नाही! ठरलेला पाठ बाजूला ठेवला. ‘नाही म्हणणं’ पान सत्तावीसवर आहे, सगळा तास त्यालाच दिला. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. शांतपणे म्हणायचं, नाही, मला आत्ता नको आहे. कारण द्यायचं नाही. वळायचं आणि जायचं. जोड्या लावून तीस वेळा करून घेतलं. शेवटी असा आवाज लागला की अ तुकडीतून निरोप आला, जरा हळू.

तो जो कोणी इसम असेल त्याला चांगली अद्दल घडो.

चिठ्ठ्या समुपदेशिका घेऊन गेली. नियम तीन ऐच्छिक नव्हता म्हणे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.३४

नावाड्याची कविता काढली होती. पहिली ओळ म्हटली. नात उठली. माझ्या डोळ्यांत पाहिलं. म्हणाली, नाही आजोबा, मला आत्ता नको आहे. वळली आणि गेली.

कृती निर्दोष. दहापैकी दहा द्यावे लागतील. पण हे तंत्र वाईट माणसांसाठी शिकवलं होतं, घरी वापरण्यासाठी नव्हे. दगा क्रमांक दोन, तोही स्वतःच्या हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थिनीकडून.

गुरुवार, २३ जानेवारी

मधल्या सुट्टीत बैठक. मुख्याध्यापिका, समुपदेशिका, खेळाचे सर, मी. समुपदेशिकेने सातवी चिठ्ठी टाईप करून आणली होती. वाचताना तिचा आवाज बसला. तिचं म्हणणं, मूल खूप एकटं पडलंय. शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं. जेवायला बोलावतात. अशी वाक्यं मुलं उगाच लिहीत नाहीत, म्हणाली.

वाङ्मयीन दृष्टीने मला धन्य वाटलं. छत्तीस वर्षांत माझ्या लिखाणाने कोणाचा आवाज बसला नव्हता.

मी सांगणारच होतो. तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात घंटामामा चहा घेऊन आला. चहानंतर विषय पुढे गेला होता. चौथी ब मधलं हे मूल कोणतं ते प्रेमाने, गाजावाजा न करता शोधायचं ठरलं. वर्गावर बारकाईने नजर ठेवायची जबाबदारी एकमताने माझ्यावर. नाही कसं म्हणणार? तीस वेळा शिकवलंय, पण मोठ्यांच्या बैठकीत ते बरं दिसत नाही.

सोमवार, २७ जानेवारी

चौथी ब च्या सगळ्या पालकांना शाळेचा मेसेज. आठवडाभर संध्याकाळी एक तास घरातले स्क्रीन बंद, मुलांचं ऐका.

सूनबाईंनी मोठ्याने वाचून दाखवला. फोन टोपलीत ठेवले गेले. चिरंजीव सोफ्यावरून खाली सतरंजीवर बसले. दोघांनी नातीला मध्ये घेतलं आणि विचारलं, आज काय काय झालं. ती आधी बुजली, मग एकदा सुटली ती सुटली. कोणाची पाण्याची बाटली, कोणाचा पडलेला दात, खो-खोतलं भांडण. तास उलटून गेला तरी कोणी फोनला हात लावला नाही.

माझी चिठ्ठी घराघरांत असा उजेड पाडते आहे. मी खिडकीत बसलो. मला कोणी काही विचारलं नाही. मेसेजमध्ये ‘मुलांचं’ असं स्पष्ट होतं.

शहाण्णव. सोमवारी रहदारी कमी असते.

बुधवार, २९ जानेवारी

आजचा पाठ : माझा हात, माझी माणसं. कागदावर आपला पंजा ठेवून पेन्सिल फिरवायची आणि प्रत्येक बोटावर असं एक माणूस लिहायचं, ज्याला मनातलं काहीही सांगता येईल. समुपदेशिका मागे बसली होती, त्या मुलाच्या शोधात. मीही होतो, पण माझा शोध वेगळा. नातीच्या कोणत्या बोटावर आहे तेवढं बघायचं होतं. अंगठ्याची अपेक्षा नव्हती. अंगठा आईचा. तर्जनी चालली असती.

सहज चक्कर मारली. तिने कागदावर कोपर ठेवलं. दुसऱ्या बाजूने गेलो. दुसरं कोपर. करारात बसतं.

तास संपल्यावर कागद गोळा झाले, ते मोजले. नुसतं मोजलं, वाचलं असं म्हणता येणार नाही. खेळाचे सर चौदा हातांवर. घंटामामा नऊ. एक कुत्रा सहा हातांवर. एकच कुत्रा, शाळेच्या फाटकातला. एका करंगळीवर ‘आजोबा’ दिसलं आणि पोटात एकदम ऊब आली. त्या मुलाला बोलावून पाठीवरून हात फिरवला. तो म्हणाला, माझे आजोबा. पलीकडच्या गल्लीत राहतात.

नातीच्या हातावर : आई, बाबा, शेजारची मैत्रीण, घंटामामा. करंगळी रिकामी. रिकामी म्हणजे राखून ठेवलेली असू शकते.

दगा क्रमांक तीन. गुणिले एकतीस.

शुक्रवार, ३१ जानेवारी

अघटित. समुपदेशिकेने शोध लावला. चौथी ब मधल्या मुलांच्या पत्त्यांवरून ती पायी हिंडली. खिडकीसमोर न्हावी, न्हाव्याला हिरवं शटर, असं घर एकच निघालं. आमचं.

सोमवारी चिरंजीव आणि सूनबाईंना शाळेत बोलावलंय.

सूनबाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडल्या. हुंदके येऊ न देता. चिरंजीव पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, मी हेडफोन लावतो गं, मीच लावतो. नात आतल्या खोलीत होती. तिच्याशी दोघं इतकं हळू बोलायला लागले आहेत की ती घाबरली आहे. मला येऊन विचारलं, आजोबा, मला काही झालंय का?

मी म्हणालो, काही नाही बाळ. हे मात्र खरं बोललो.

रविवार, २ फेब्रुवारी

मी सांगणारच होतो. शनिवारी सकाळी चिरंजीव दाढी करत होते, गाल कापला असता. दुपारी सूनबाई झोपल्या होत्या. संध्याकाळी दोघं घरात होते, पण नातीशी पत्ते खेळत होते. इतक्या दिवसांनी घरात हसणं ऐकू आलं, ते मोडवेना. आज सकाळी पाहुणे. आत्ता लिहितोय.

शिवाय, करार. पेटीतलं बाहेर सांगायचं नाही. माझाही अंगठा आहे त्यावर. तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

कोणी संकटात असेल तरच सांगायचं, असंही आहे त्यात. पण संकटात नक्की कोण आहे, हे अजून स्पष्ट नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

जमेल तसं लिहितो.

मुख्याध्यापिकेची खोली. टेबलाच्या एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला घर. मी कुठे बसायचं ते कळेना. शेवटी टेबलाच्या टोकाला स्टूल ओढलं. समुपदेशिकेने नातीला चिठ्ठी वाचून दाखवली आणि फार मायेने विचारलं. मनातलं लिहिलं ते छानच केलंस, कोणी रागावलेलं नाही, आम्हाला फक्त ऐकायचंय. नात आईच्या ओढणीचं टोक पिळत होती. म्हणाली, ते मी नाही लिहिलं. समुपदेशिका म्हणाली, बरं, मग कोणी लिहिलं असेल असं तुला वाटतं?

तेव्हा ती जे बोलली ते जसंच्या तसं :

“मला माहितीये कोणी लिहिलंय. पण पेटीतलं बाहेर सांगायचं नाही. आजोबांनीच आमचे अंगठे घेतलेत.”

आणि तिने मुद्दाम, अगदी ठरवून, माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, सगळीकडे बघितलं. इतक्या निष्ठेने न बघितल्यावर बाकीचे सगळे माझ्याकडे बघणार नाहीत तर काय.

समुपदेशिकेने फाईलमधून मूळ चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. टाईप केलेली नव्हे. माझी. मुख्याध्यापिकेने चष्मा लावला. एका अक्षरावर बोट ठेवलं.

“सर,” ती म्हणाली, “ही शेपटीवाली वेलांटी तुम्ही मला शिकवलीत. चाळीस वर्षं मी तशीच काढते.”

मी म्हणालो, हे शैक्षणिक साहित्य आहे. मग हातपंपाचं उदाहरण दिलं. ते कोणाला पोचलं नाही. समुपदेशिकेने फाईल मिटली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला वाटतं, त्या मुलासाठी ती रात्र रात्र जागली असेल. सूनबाई उठल्या आणि नातीला घेऊन बाहेर गेल्या. दाराशी थांबून एवढंच म्हणाल्या की बाबा, तीन दिवस होते तुमच्याकडे.

चिरंजीव राहिले. चिठ्ठी हातात घेऊन वाचली. टाईप केलेली त्यांनी दहा वेळा वाचली असेल, पण ही पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी. मग विचारलं,

“बाबा, एकशे बारा खरंच मोजली होती?”

मी म्हणालो, एकशे चौदा. दोघं परत आले होते, ते वजा केले.

दगा क्रमांक चार. एकाच खोलीत चौघांनी मिळून. नातीकडून निदान एका साध्या खोट्याची अपेक्षा होती. माझी आजी माझ्यासाठी किती खोटं बोलायची.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मुख्याध्यापिकेचा फोन. आवाज मऊ. सर, थोडी विश्रांती घ्या. चौथी ब चा तास खेळाचे सर घेतील. दगा क्रमांक पाच.

नळाची कविता वर्गात लावायला देऊ का, असं विचारलं. ती म्हणाली, बघते. हे ‘बघते’ मी शिकवलेलं नाही.

चिरंजीवांना बुटांचं खोकं कुठे गेलं ते सांगितलं. एकदाच काय ते होऊन जाऊ दे म्हटलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

१०.४० : तिसरा पिरियड सुरू झाला असेल.

११.१५ : संपला असेल.

संध्याकाळी चिरंजीव फोन टोपलीत ठेवून माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, बोला बाबा. वर्षानुवर्षं मनात साठवलेलं इतकं आहे की कुठून सुरुवात करावी कळेना. शेवटी म्हणालो, बाथरूमचा नळ गळतोय. ते म्हणाले, हो, बोलावतो प्लंबरला. मग दोघंही खिडकीतून बघत राहिलो. त्यांनी विचारलं, कुठपासून मोजता? मी म्हणालो, औषधाच्या दुकानापासून पुढे. सायकलवाले धरत नाही.

चाळीसपर्यंत त्यांनी साथ दिली. मग त्यांचा डोळा लागला. दमलेले असतात.

नात आली नाही. साडेसात ते आठ ती आईकडे असते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नातीने शाळेतून आल्यावर दप्तरातून पाकीट काढून माझ्या पुस्तकावर ठेवलं आणि हात धुवायला गेली. वर खेळाच्या सरांच्या अक्षरात, म्हणजे कोंबडीच्या पायांनी, लिहिलेलं : ‘नियम दोन. प्रत्येक चिठ्ठीला उत्तर.’

सातही चिठ्ठ्यांना वर्गाने उत्तरं लिहिली होती. ‘गुरुजींसारखी कविता म्हणायला कसं शिकावं?’ याला उत्तर : ‘आधी पाणी प्यावं. मग छोटी कविता निवडावी.’ ‘पूर्वीचे शिक्षक अधिक चांगले होते का?’ याला : ‘आम्ही नव्हतो.’ मैत्रीच्या चिठ्ठीखाली कोणीतरी कुत्र्याचं चित्र काढलंय. बरं काढलंय.

सातवीचं उत्तर नातीच्या अक्षरात. ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका, एक पूर्णविराम राहिलेला. लाल पेन काढून दुरुस्त केलं. समास सोडला नाही म्हणून शेरा लिहिला. खाली सही केली, तारीख घातली. मग वाचलं.

‘खिडकीत बसणाऱ्यास,

रस्त्यावरच्या माणसांना तू आवडशील पण ती थांबत नाहीत. आमच्या घरात पण एकजण आहे. मला त्याला रोज काहीतरी सांगायचं असतं. मी म्हणते ऐक ना, तो म्हणतो कविता संपू दे. ती संपते तेव्हा आठ वाजतात आणि मला झोप येते. माझा दात पडला तेव्हा पण सांगायचं होतं. तू आधी विचारून बघ. मग कोणी हेडफोन लावणार नाही. बहुतेक.’

दात म्हणजे त्या सोमवारी सतरंजीवर सांगितला होता तो. मी खिडकीत होतो. मला वाटलं दुसऱ्या कोणाचा.

लाल शाई पुसता येत नाही. प्रयत्न केला, कागद फाटायला आला.

दगा क्रमांक सहा, असं लिहून ठेवलं होतं. पुढे कोणाचं नाव घालायचं ते ठरेना. रिकामं ठेवतो.

संध्याकाळी ७.३०

पुस्तक कपाटात ठेवलं. कपाट बंद केलं. नात दाराशी आली तेव्हा खुर्चीत सरळ बसलो, घसा साफ केला, आणि विचारलं, आज शाळेत काय झालं?

तिने बंद कपाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “पास.”

आणि खेळायला गेली.

७.४५

करारानुसार तिला हक्क आहे. पण पास म्हटल्यावर शिक्षकाने पुढे काय करायचं? मार्गदर्शिका अजून परत केलेली नाही. पान नऊ उघडलं. ते मीच काळ्या मार्करने खोडलेलं.

पान दिव्यासमोर उलटं धरलं तर थोडं थोडं दिसतं. ‘कारण विचारू नये.’ त्यापुढे दोन शब्द लागले नाहीत. त्यापुढे, ‘पुढच्या फेरीत पुन्हा विचारावे.’

फेरी म्हणजे किती दिवसांनी, ते लिहिलेलं असावं. तिथे मार्कर दोनदा फिरवला आहे.